वैशाखातला बुलडोझर

भिवंडी तालुक्याच्या भूमीचे जे रूपांतर गेल्या दोन-तीन दशकांत घडून आले, त्याची कारणे शोधू गेल्यास ती महसुली दप्तरांत, जकातीच्या नाक्यांवर आणि मुंबई-नाशिक महामार्गाच्या नकाशावर सापडतात. मुंबई महानगरपालिकेची जकातीची हद्द ओलांडली की लगेच, शहरापासून फार दूर न जाता, माल उतरवून ठेवण्याची सोय व्यापाऱ्यांना हवी होती. ती काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या गावांनी पुरवली. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात इतिहासजमा झाली, तरी गोदामे हलली नाहीत, उलट पडघ्याच्या अंगाने आतआत पसरत गेली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला, तेव्हा ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याचे मुंबईकडचे टोकही याच तालुक्यात येऊन टेकले. बिनशेतीचा दाखला कचेरीत मिळतो. पण भाताच्या खाचराचे गोदामाच्या जोत्यात रूपांतर व्हायचे, तर बांध मोडावे लागतात, मुरुमाचा भराव घालावा लागतो, आणि तो थराथराने पसरून एका पातळीत आणावा लागतो. हे पसरण्याचे काम साठ ते शंभर अश्वशक्तीचा लहान डिझेल बुलडोझर जितक्या निगुतीने करतो, तितके सर्वत्र दिसणारा चाकाचा जेसीबी करू शकत नाही. कारण चेनवर चालणाऱ्या यंत्राचे वजन जमिनीवर पसरलेले असते आणि त्याचे रुंद पाते पुढे ढकलता ढकलताच उंचसखल भाग समान करीत जाते.

या कामाचा हंगाम मात्र यंत्राच्या दृष्टीने प्रतिकूल असतो. मृग लागला की खाचरांत चिखल होतो आणि मातीकाम थांबते. ते दिवाळीच्या सुमारास पुन्हा सुरू होते, आणि पावसाच्या आत भराव पुरा करण्याची मक्तेदाराची घाई नेमकी चैत्र-वैशाखात शिगेला पोहोचते, जेव्हा भिवंडीचा पारा चाळिशीला भिडलेला असतो. मग दुपारी बारा ते चारच्या दरम्यान यंत्र बाजूला उभे करून, त्याचे बॉनेट उघडून, माणसे सावलीत बसलेली दिसतात. 'गाडी गरम होते' हे तीन शब्द प्रत्येक साइटवर ऐकू येतात, आणि त्यावर सुचवला जाणारा इलाजही बहुधा एकच असतो: मोठा रेडिएटर बसवा. हा इलाज कधी योग्य असतो आणि कधी निव्वळ खर्चाचा, हे कळण्यासाठी ती उष्णता येते कोठून आणि जाते कोठे, याचा तपशील पाहणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल साठ अश्वशक्तीचे इंजिन घेऊ. पूर्ण भाराखाली ते ताशी तेरा-चौदा लिटर डिझेल जाळते. त्या इंधनातील उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागाचे प्रत्यक्ष काम होते, जवळजवळ तितकाच भाग धुरावाटे निघून जातो, आणि एकूण उष्णतेचा सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे ३४ किलोवॉटच्या आसपास, सिलिंडरभोवतीच्या पाण्यात उतरतो. हा चौथा हिस्सा रेडिएटरने अखंड, क्षणाचीही उसंत न घेता, हवेच्या स्वाधीन केला पाहिजे. रेडिएटरमधून जाताना पाणी सात अंशांनी निवावे असे धरले, तर मिनिटाला सत्तर लिटर पाणी फिरावे लागते. आणि त्यातून जाणारी हवा पंचवीस अंशांनी तापावी असे धरले, तर सेकंदाला सव्वा घनमीटर हवा जाळीतून ओढली गेली पाहिजे. दहा फूट बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीतली सारी हवा अर्ध्या मिनिटाच्या आत त्या जाळीतून जावी, असा हा हिशेब आहे. पाणी आटले की ते डोळ्यांना दिसते. हवा कमी पडली तर दिसत नाही, आणि म्हणूनच सगळे लक्ष पाण्याकडे जाते व हवेची कैफियत कोणी ऐकून घेत नाही.

ज्याच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते, त्या रुडॉल्फ डिझेलचा प्रारंभीचा मनोदय तर उष्णता पाण्यात वाया जाऊच द्यायची नाही, असा होता. १८९३ साली त्याने आपला सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला, आणि त्याच वर्षी आउग्सबुर्ग येथे जे पहिले यंत्र उभे केले, त्याच्या सिलिंडरला पाण्याचे वेष्टण नव्हते. अनुभवाने हा आग्रह टिकू दिला नाही. १८९७ साली ज्या इंजिनाने २६ टक्क्यांहून थोडी अधिक कार्यक्षमता दाखवून जगाला चकित केले, ते पाण्याने थंड केलेलेच होते. कारण थंड न ठेवलेल्या सिलिंडरात वंगण टिकत नाही, आणि वंगण नसले की दट्ट्या धरतो. हे पाणी पुरवण्याची रीत मात्र जागेनुसार बदलते. खडकीला १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांची जी इंजिने महाराष्ट्रातल्या विहिरींवर बसली, त्यांच्यापाशी विहीरच होती. पंपाने उपसलेल्या पाण्यातले थोडे इंजिनातून फिरवून पाटात सोडून दिले की काम भागे. फिरत्या यंत्राला ही चैन परवडत नाही. त्याला तेच ते पाणी पुन्हापुन्हा निववून वापरावे लागते. विल्हेल्म मायबाखने १९०० साली ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज मोटारीसाठी सहा मिलिमीटर चौरस छेदाच्या ८,०७० नळ्यांची जाळी रचून पाण्याचा साठा नऊ लिटरांवर आणला, आणि आजच्या रेडिएटरचा पाया तेथे घातला गेला.

तथापि मोटारीला आणि बुलडोझरला एकच न्याय लावता येत नाही. मोटार धावते, आणि तिच्या धावण्याचा वारा आपोआप जाळीवर येतो. बुलडोझर पूर्ण ताकदीने काम करीत असतो तेव्हा ताशी तीन-चार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने, सरकत असतो. त्याला वाऱ्याची फुकट मदत नाही. सगळी हवा पंख्यानेच आणायची. त्यातही पात्यापुढे लोटलेल्या मुरुमाची धूळ त्याच्या समोरच उडत असते, आणि आधीच्या पिकाचे पेंढ्याचे तूस, वाळके गवत नि बारीक पाला पंखा जाळीकडे खेचून घेतो. दिवसभर पूर्ण भार, वेग जवळपास शून्य आणि हवा धुळीने भरलेली, असा हा तिहेरी योग इतर फार थोड्या वाहनांच्या वाट्याला येतो.

सुधारणेचा विचार करताना पहिले पाऊल मोजमापाचे असावे, आणि हे मोजमाप माघातल्या सुखद सकाळीही करता येते, ही फारशी लक्षात न घेतली जाणारी गोष्ट मला मोठी मोलाची वाटते. थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असताना, पूर्ण भाराखाली, रेडिएटरच्या वरच्या टाकीतले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा जितके अंश अधिक तापते, तो फरक हवेचे तापमान बदलले तरी जवळजवळ तेवढाच राहतो. समजा, जानेवारीत हवा ३० अंशांवर असताना वरची टाकी ९३ अंशांवर स्थिरावली. म्हणजे फरक ६३ अंशांचा. आता वैशाखात हवा ४१ अंशांवर गेली की तीच टाकी १०४ अंशांवर जाणार, हे आताच सांगता येते. टोपण दाब न धरणारे असेल तर ते पाणी उकळलेच म्हणून समजावे. ज्या यंत्रात हा फरक पंचावन्नाच्या आत आणता आला, ते मेमध्ये निर्धास्त चालेल. साध्या इन्फ्रारेड तापमापकाने हे काम अर्ध्या तासात होते. त्यासाठी अर्धा तास खोदकामाला जुंपलेले यंत्र आणि नोंदीसाठी एक वही एवढेच लागते.

त्याच तापमापकाने दोष कोणत्या बाजूला आहे हेही उमगते. वरच्या होज पाइपचे आणि खालच्या होज पाइपचे तापमान वेगवेगळे मोजावे. त्यांच्यात पंधरा-वीस अंशांचे अंतर पडत असेल, तर पाणी निवते आहे पण पुरेसे फिरत नाही. पंपाच्या पंख्या झिजल्या असतील, पट्टा सरकत असेल, किंवा खालचा होज आतली स्प्रिंग गंजून गेल्यामुळे पंपाच्या ओढीने चपटत असेल. याउलट वरचे-खालचे तापमान जवळपास सारखेच आणि दोन्ही चढलेले, तर पाणी फिरते आहे, त्याला निववणारी हवा पोहोचत नाही. जाळीवर किरण फिरवताना मध्येच एखादा पट्टा थंड लागला, तर त्या नळ्या आतून बुजलेल्या आहेत, असे खुशाल समजावे.

आता थर्मोस्टॅटविषयी जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक अन्याय याच लहानशा भागावर होतो. इंजिन गरम झाले की तो उपटून फेकून देण्याची चाल इतकी रूढ आहे, की जुन्या यंत्रांत तो जागेवर आढळलाच तर मिस्त्रीला नवल वाटते. त्यामागचा तर्क सरळ आहे: वाटेतला अडथळा काढला, पाणी मोकळे वाहील. परंतु ८२ अंशांच्या सुमारास उघडणारा हा झडपेचा भाग बऱ्याच इंजिनांत दुहेरी काम करतो. वरची वाट उघडतानाच तो खालची, म्हणजे रेडिएटरला वळसा घालून पाणी परत इंजिनात नेणारी, आडवाट बंद करतो. तो काढला की ही आडवाट कायमची उघडी राहते, पाण्याचा एक भाग न निवताच परत फिरतो, आणि जे टाळायला हा उपद्व्याप केला तेच वाढते. ज्या इंजिनांत अशी रचना नाही, त्यांत दुसरे संकट येते. सकाळच्या गारव्यात किंवा हलक्या कामात सिलिंडर हवे तितके तापत नाही. इंधनातल्या गंधकापासून झालेली वाफ थंड भिंतींवर आम्लरूपाने साचते, न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, आणि लायनर व रिंगा अकाली झिजतात. ज्या यंत्रातून थर्मोस्टॅट काढला गेला असेल, त्यात तो परत बसवणे हीच, माझ्या मते, शीतलीकरणाची सर्वांत स्वस्त सुधारणा होय. बसवण्याआधी तो पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून, पाणी तापवीत, किती अंशांवर उघडतो हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

पाण्याचा प्रश्न भिवंडीत विशेष गंभीर आहे. खाडीच्या काठच्या गावांत विहिरीचे पाणी मचूळ, आणि आतल्या बाजूला काळ्या पाषाणात खणलेल्या बोअरचे पाणी जड. साइटवर हाताशी जे पाणी मिळेल ते डब्याने ओतणे हा नित्याचा परिपाठ; आणि प्रत्येक डब्याबरोबर थोडा चुना, थोडे मीठ आत जाते. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतो. बिडाच्या भिंतीतून उष्णता जितक्या सहज वाहते, तितकी ती या पांढरट थरातून वाहत नाही. मिलिमीटरभर क्षाराचा थर तीन-साडेतीन सेंटिमीटर जाड बिडाइतका अडथळा करतो. मीठ तर उघडउघड गंज आणते. याहून गुप्त असा एक विकार ओल्या लायनरांना होतो: दट्ट्याच्या आपटण्याने लायनर थरथरते, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि फुटतात, आणि प्रत्येक फुटण्याबरोबर धातूचा कण उखडला जातो. काही काळाने लायनराला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात आणि पाणी ऑइलमध्ये जाते.

म्हणून पाणी बॅटरीत घालतात तसे डिस्टिल्ड असावे आणि त्यात गंजरोधक द्रव्य असलेच पाहिजे. कोकणात पाणी गोठण्याची भीती नाही. तेव्हा कूलंटचा खरा उपयोग येथे या गंजरोधकासाठी आहे, हे ध्यानात ठेवावे. ग्लायकॉल अर्धे आणि पाणी अर्धे असे मिश्रण केले, तर उत्कलनबिंदू सात-आठ अंशांनी चढतो हे खरे, परंतु उष्णता वाहून नेण्याची ताकद पाण्याच्या मानाने सुमारे पंधरा टक्क्यांनी घटते. म्हणून जेथे रेडिएटर आधीच अपुरा आहे तेथे अधिक कूलंट ओतल्याने अधिक थंडावा मिळेल, ही समजूत चुकीची ठरते. त्याहून टोपणाकडे लक्ष द्यावे. रबर झिजलेले, स्प्रिंग मेलेले टोपण बदलून अर्ध्या बारचे, म्हणजे सात पौंड दाबाचे, बसवले की शुद्ध पाणीसुद्धा १११ अंशांपर्यंत उकळत नाही. आणि दाबाखालच्या पाण्यात ते लायनर पोखरणारे बुडबुडेही कमी उठतात. अर्थात जुन्या रेडिएटरची टाकी आणि त्याचे डाग तेवढा दाब सोसतील की नाही, हे रेडिएटरवाल्याकडून आधी तपासून घ्यावे.

हवेच्या बाजूचे पहिले काम सफाईचे, आणि ते जवळून पाहण्यासारखे असते. रेडिएटरपुढची लोखंडी जाळी काढली की आतला पृष्ठभाग बाहेरून बरा दिसतो; पण पंख्याच्या बाजूने दिवा धरून पलीकडून पाहिले, तर उजेड फक्त कडांना येतो आणि मधला हातभर रुंदीचा भाग काळाकुट्ट. त्या भागात इंजिनाच्या ब्रीदरमधून उडालेल्या तेलाच्या वाफेवर मुरुमाची धूळ बसून विटेसारखा लगदा झालेला असतो, आणि त्यात गवताच्या काड्या रुतलेल्या. नुसती काँप्रेसरची हवा मारून तो निघत नाही. आधी तेल सोडवणारा साबण शिंपडून मुरू द्यावा लागतो, मग हवा ज्या दिशेने आत येते तिच्या उलट दिशेने, पाण्याची धार सरळ आणि बेताच्या जोराने, कारण तिरपी धार मऊ फिन झोपवून टाकते. धार मारणाऱ्या पोऱ्याला उस्ताद बजावतो, "सीधा पकड, फिन मत मोड." पहिली काही मिनिटे लालसर चिखल गळतो, मग काड्या, मग निवळ पाणी, आणि दिवा पुन्हा धरला की जाळीच्या सगळ्या घरांतून उजेड येतो. सफाईबरोबर ब्रीदरची नळी रेडिएटरपासून लांब, खाली वळवून द्यावी, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

एवढे करूनही मोजलेला फरक खाली आला नाही, तरच यंत्रात भर घालण्याचा विचार रास्त ठरतो. तांब्याची नवी जाळी भरताना नळ्यांच्या तीन ओळींच्या जागी चार ओळी बसवाव्या असा सल्ला मिळतो. त्याने लाभ होतो, पण तिसऱ्या हिश्श्याइतका नव्हे. कारण मागच्या ओळीला आधीच्या तीन ओळींनी तापवलेली हवा मिळते, आणि जाळी जाड झाल्याने पंख्यावरचा ताण वाढून हवाच कमी येते. इंचाला चौदा-सोळा फिन असलेली दाट जाळी दुकानातल्या कागदावर सरस ठरते. मुरुमाच्या धुळीत मात्र आठ-दहा फिनांची विरळ, सरळ जाळी तिच्यापेक्षा पुढे जाते, कारण ती बुजत नाही आणि बुजली तर धुता येते. जागा असेल तर जाडी वाढवण्यापेक्षा जाळीची उंची-रुंदी वाढवणे केव्हाही चांगले.

पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या कड्याला, म्हणजे शराउडला, मी जाळीच्या आधी मान देईन. अनेक जुन्या यंत्रांत ते दुरुस्तीच्या वेळी काढून ठेवले जाते आणि परत बसतच नाही. ते नसले की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी पात्यांच्या टोकांवरून तीच हवा गरगर फिरवत राहतो, आणि जाळीचे चारही कोपरे उपाशी राहतात. पात्याचे टोक आणि कडे यांच्यात बोटभर अंतर राखून साधा पत्रा कापून, वाकवून, रबराच्या पट्टीने कडा बंद करून हे काम कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात होते. याउलट लहान पुली लावून पंखाच जोरात फिरवण्याची युक्ती महागात पडते: हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, परंतु लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग वीस टक्क्यांनी वाढवला तर हवा वीसच टक्के अधिक मिळते, आणि तीन अश्वशक्ती खाणारा पंखा पाचांहून अधिक खाऊ लागतो. पाते फाटून जाळीत घुसण्याचा धोका वेगळाच.

डिझेल पंपाचे सेटिंग ताकदीच्या लोभाने वाढवले असेल तर ते मूळ प्रमाणावर आणून घ्यावे. त्याशिवाय बाकीच्या खर्चाला अर्थ नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या यंत्रात गिअरचे तेलही याच पाण्यात निवते, तेव्हा त्यासाठी बाजूला वेगळा ऑइल कूलर दिल्यास मुख्य रेडिएटरचा भार लक्षणीय हलका होतो.

राहिला प्रश्न पंख्याच्या दिशेचा, आणि तो मागे बसलेल्या ऑपरेटरचा प्रश्न आहे. ओढणारा पंखा समोरून ताजी हवा घेतो, ती जाळीतून तापते, इंजिनावरून आणखी तापते आणि साठ-सत्तर अंशांचा झोत होऊन ऑपरेटरच्या पायांवर व तोंडावर येतो. उघड्या यंत्रावर वैशाखातले आठ तास तो हे सोसतो. ढकलणारा पंखा बसवला तर हा झोत पुढे निघून जातो, आणि गवत-काड्याही जाळीवर तितक्या चिकटत नाहीत. मात्र जाळीला मिळणारी हवा इंजिनावरून आलेली, म्हणजे आधीच काही अंशांनी तापलेली असते, आणि तेवढा तोटा मान्य करूनच हा बदल करावा लागतो. वर सांगितलेल्या उपायांनी फरक पंचावन्नाच्या खाली आलेला असेल, तर एवढा तोटा देऊन माणसाची होरपळ थांबवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे एक चूक हमखास होते: असलेलाच पंखा उलटा फिरवून बसवला की हवाही उलट वाहील, असे समजले जाते. तसे होत नाही. पाती उलटी बसली तरी हवा पूर्वीच्याच दिशेने जाते, फक्त कमी जाते. दिशा बदलायची तर उलट पिळाच्या पात्यांचा दुसरा पंखाच आणावा लागतो. आणि तो आणल्यावर शराउडचे कडे पुन्हा जुळवून, पट्ट्याचा ताण पाहून, ऐन दुपारी पूर्ण भाराखाली वरच्या टाकीचे तापमान नव्याने वहीत टिपावे लागते.